प्रिंटरला नंबर देण्याआधी

‘नंबर तर मोकळा होता, मग प्रिंट का येत नाही?’ हा प्रश्न आम्हाला फोनवर इतक्यांदा विचारला जातो की शेवटी हे पत्रक छापलं.

तुमच्या ऑफिसात आम्ही १९२.१६८.१.० हे नेटवर्क बसवलंय. (शेजारच्या गाळ्यातही १९२.१६८ च दिसेल, घाबरू नका. खासगी वापरासाठी राखलेले पत्ते आहेत, इंटरनेटवर ते चालत नाहीत.) प्रत्येक मशीनच्या पत्त्यातला शेवटचा आकडा (यालाच आम्ही ‘नंबर’ म्हणतो) ० ते २५५, म्हणजे २५६ जागा. सगळ्या एकत्र ठेवल्या तर पाहुण्याच्या मोबाइललाही बिलिंगचं मशीन दिसतं. म्हणून आम्ही ६४-६४ चे चार सबनेट, म्हणजे नेटवर्कचे छोटे कप्पे, पाडतो. नुसते नंबर पाडून आडोसा होत नाही, स्विचवर (मशीनच्या वायरी जिथे जोडतात ती पेटी) व्हीलॅन, म्हणजे वेगवेगळे गट, आणि राउटरवर नियमही लावावे लागतात. ते आमचं काम.

पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा आणि कुठला मशीनचा हे मास्क सांगतो. आपला मास्क २५५.२५५.२५५.१९२, किंवा थोडक्यात /२६. पत्ता ३२ बिटांचा. २६ नेटवर्कचे, उरलेले ६ मशीनचे. २ चा सहावा घात ६४.

पहिल्या, म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटर-प्रिंटरच्या, सबनेटमध्ये ० हा नेटवर्कचाच नंबर आणि ६३ ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा. हे दोन कुणालाच द्यायचे नाहीत. मशीनसाठी उरले १ ते ६२. त्यातला १ राउटरचा, २ ते ४० राउटर आपणहून वाटतो, हाताने द्यायचे ते ४१ ते ६२. कॅमेऱ्यांचं सबनेट ६४ वर सुरू होतं: ६५ ते १२६ वापरायचे, १२७ ब्रॉडकास्ट. पाहुण्यांचं वाय-फाय १२८ पासून. १९२ पासूनचं चौथं सध्या रिकामं.

अंधेरीच्या एका गाळ्यात शेठनी नवा प्रिंटर स्वतःच जोडला आणि त्याला ७० दिला. कॉम्प्युटर २० नंबरचा. त्याने मास्क लावून पाहिलं, ७० आपल्यातला नाही. म्हणून थेट हाक न मारता गेला राउटरकडे. राउटर प्रिंटरला शोधतोय कॅमेऱ्यांच्या बाजूला, आणि प्रिंटर बसलाय त्याच टेबलावर, त्याच स्विचवर! ए विंगच्या माणसाचा पत्ता बी विंग लिहिला की कुरिअरवाला भलत्याच दाराची बेल वाजवत बसतो, तसं. ७० चा ५० केला आणि अडकलेली चलनं धडाधड बाहेर पडली.

मशीनवर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून नंबरच मिळालेला नाही. आधी वायर बघा, मग राउटरचे दिवे. तरीही जमलं नाही तर त्या स्क्रीनचा फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पत्ता, मास्क आणि गेटवे (राउटरचा पत्ता) तिन्ही दिसू द्या.