घट्ट वीण म्हणजे जास्त ऊब? नाही!

बाळाची क्रोशाची टोपी जितकी घट्ट विणाल तितकी उबदार, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. ऊब धरून ठेवते ती लोकरीच्या तंतूंत अडकलेली हवा. बारीक सुईने टाके आवळले की लोकर दबते, हवेला जागा उरत नाही. टोपी कडक होते, ताणत नाही आणि कपाळावर लाल वळ उठतो. बिचारं बाळ ती ओढून काढणारच! लोकरीच्या वेष्टनावर 5 मिमी सुई सांगितली असेल तर तीच घ्या, अर्धे खांब (क्रोशाचा मध्यम उंचीचा टाका) घाला. अगदी जाळीदार वीणही नको, वारा आरपार जातो. वर्षाच्या मुलाचं डोकं साधारण 46 सेंमी. वीण ताणते, म्हणून टोपीचा घेर 43 सेंमी पुरतो. घरात झोपवताना मात्र टोपी काढाच, बाळाचं अंग जास्त तापणं धोक्याचं.