ली वायली: 'साँगबुक'च्या आधीचे चार अल्बम

एकाच संगीतकाराची गाणी निवडायची, ती एकाच गायिकेनं गायची आणि सगळ्यांचा मिळून एक अल्बम काढायचा, याला जॅझच्या दुनियेत 'साँगबुक' म्हणतात. या कल्पनेचं श्रेय सहसा एला फिट्झजेरल्डच्या पदरात पडतं. निर्माता नॉर्मन ग्रान्झनं १९५६ मध्ये तिच्याकडून कोल पोर्टरची ३२ गाणी गाऊन घेतली आणि आपल्या व्हर्व्ह कंपनीतर्फे दोन एलपींचा, म्हणजे लाँग-प्ले तबकड्यांचा, संच काढला. एलाच्या थोरवीबद्दल दुमत नाही. पण कोल पोर्टरच्या गाण्यांचा अल्बम जॅझ गायिका ली वायलीनं १९४० मध्येच केला होता, आणि त्याच्या आदल्या वर्षी जॉर्ज गर्श्विनचा. १९४३ पर्यंत तिचे असे चार अल्बम झाले. प्रत्येकी आठ गाणी, म्हणजे इथेही एकूण ३२. स्टँडर्ड्स, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गायली जाणारी गाणी, गायची जी पद्धत आज सर्वमान्य आहे, तिचा बराचसा पाया या ३२ गाण्यांत आहे.

वायलीचा जन्म १९०८ चा, ओक्लाहोमा राज्यातल्या फोर्ट गिब्सनचा. न्यूयॉर्कला आल्यावर १९३१ मध्ये ती लिओ रीसमनच्या वाद्यवृंदाबरोबर रेकॉर्डवर आली आणि पुढे रेडिओवर पॉल व्हाइटमनच्या कार्यक्रमात गाऊ लागली. संगीतकार व्हिक्टर यंग आणि गीतकार नेड वॉशिंग्टन यांच्याबरोबर तिनं 'एनीटाइम, एनी डे, एनीव्हेअर' हे गाणंही रचलं. तिचा आवाज मोठा नव्हता. थोडा घोगरा, कडेला श्वासाची झाक असलेला, आणि लांब स्वराच्या शेपटाला जलद कंप देणारा. शब्दाविना गळा फिरवणं, म्हणजे स्कॅट, ती करत नसे. मूळ चाल फारशी मोडतही नसे. तिची करामत शब्द कुठे ठेवायचा यात होती: ठोका पडून जातो, आणि किंचित मागून, घाई न करता, शब्द येतो.

आज ज्यांना स्टँडर्ड्स म्हणतात ती बरीचशी गाणी ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, संगीत नाटकांतली. नाटक बंद पडलं तरी नाट्यपद मैफलीत जिवंत राहतं, हे आपल्याला नवं नाही. तिथेही तेच झालं. मात्र १९३९ मध्ये यातली बरीच गाणी 'स्टँडर्ड' झालेली नव्हती. 'हाउ लाँग हॅज धिस बीन गोइंग ऑन' हे १९२७ च्या एका नाटकातून वगळलेलं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या नाटकात बसवलेलं गाणं. संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हार्ट या जोडीच्या अल्बममध्ये तर तिनं 'अ शिप विदाउट अ सेल' आणि 'बेबीज अवेक नाउ' यांसारखी बाजूला पडलेली गाणी घेतली. प्रसिद्ध गाणी गाण्यापेक्षा चांगली गाणी शोधण्याकडे तिचा कल होता, आणि या चारही अल्बमची खरी ताकद मला तिथेच वाटते.

मोठ्या कंपन्यांना यात रस असण्याचं कारण नव्हतं. कंपनीला हवं असे ते ताज्या नाटकातलं किंवा चित्रपटातलं चालू गाणं. दहा-बारा वर्षांपूर्वीचं गाणं परत काढणं म्हणजे पैसे अडकवणं. त्यामुळे हे काम दुकानदारांनी केलं. लिबर्टी म्युझिक शॉप हे न्यूयॉर्कमधलं रेकॉर्डचं दुकान. रंगभूमीचा शौकीन, पैसेवाला गिऱ्हाईक तिथे येई आणि त्याच्यासाठी दुकान स्वतःच्या लेबलवर रेकॉर्ड काढी. गर्श्विनचा अल्बम नोव्हेंबर १९३९ मध्ये याच लेबलसाठी मुद्रित झाला आणि पाठोपाठ कोल पोर्टरचाही त्यांनीच काढला. रॉजर्स आणि हार्टचा अल्बम रॅबसन्स या दुसऱ्या दुकानानं १९४० मध्ये काढला. हॅरॉल्ड आर्लेनचा १९४३ मध्ये शर्मर या स्वरलिपी छापणाऱ्या प्रकाशनसंस्थेनं.

त्या काळात अल्बम म्हणजे अक्षरशः बांधणी केलेलं पुस्तक असे. जाड पुठ्ठ्याची कव्हरं, आत कागदी पाकिटं, पाकिटांत मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या चार तबकड्या, प्रत्येक बाजूला एक गाणं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावतात, आणि गाण्याची मांडणी या हिशेबानं ठरते. नेहमीच्या स्टँडर्डचं मुख्य अंग ३२ बारचं, एक बार म्हणजे चार ठोके. मिनिटाला १०० ठोक्यांची लय धरली तर १२८ ठोके, म्हणजे ७७ सेकंद. दोन आवर्तनं घेतली की अडीच मिनिटं संपली. त्यात चार बारची सुरुवात मिळवली तर १६३ सेकंद. वर नाटकातला प्रास्ताविक भाग, म्हणजे 'व्हर्स', १६ बारचा घ्यायचा तर आणखी ३८ सेकंद लागतात, आणि गाणं तबकडीबाहेर जातं. लय मिनिटाला ७२ वर आणली तर एकच आवर्तन १०७ सेकंदांचं होतं. मग दुसरं अर्ध्यातच तोडावं लागतं आणि वादकांचे सोलो आठ-आठ बारवर येतात. त्यामुळे त्या काळात सावकाश गायचं ठरवणं म्हणजे बाकी काय सोडायचं हेही ठरवणं होतं.

'आयव्ह गॉट अ क्रश ऑन यू' या गाण्यावर तिनं हा निर्णय घेतला. १९२८ च्या 'ट्रेझर गर्ल' आणि १९३० च्या 'स्ट्राइक अप द बँड' या नाटकांत ते उडत्या चालीचं, जलद लयीतलं गाणं होतं. वायलीनं ते संथ, भावपूर्ण केलं. गीतकार आयरा गर्श्विननं पुढे लिहून ठेवलं आहे की तिची रेकॉर्ड ऐकून आधी आपण चमकलो, पण नंतर हीच लय या गाण्याला शोभते असं पटलं. १९४७ मध्ये फ्रँक सिनात्रानं हे गाणं संथ लयीतच गायलं, आणि आज ते जलद लयीत गाणारे विरळाच. एखाद्या गाण्याचा स्वभाव एका रेकॉर्डनं कायमचा बदलावा, याहून मोठा पुरावा कुठल्या गायिकेचा द्यायचा?

साथीदारही उत्तम होते. गर्श्विनच्या अल्बममध्ये मॅक्स कामिन्स्कीचा ट्रंपेट, बड फ्रीमनचा टेनर सॅक्सोफोन, पी वी रसेलची क्लॅरिनेट, एडी काँडनची गिटार, जो बुश्किनचा पियानो. शिवाय पियानो आणि ऑर्गन वाजवणारा फॅट्स वॉलर. वॉलर व्हिक्टर कंपनीशी करारानं बांधलेला होता, म्हणून ऑर्गनवर त्याचं नाव 'मॉरिस' असं छापलं गेलं. 'समवन टू वॉच ओव्हर मी'मध्ये फक्त त्याचा ऑर्गन आणि तिचा आवाज आहे. पोर्टरच्या अल्बममध्ये काही गाण्यांना बनी बेरिगनचा ट्रंपेट आहे.

मग हे सगळं मागे का पडलं? दुकानाच्या लेबलला देशभर वितरण नव्हतं. एप्रिल १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेत लाखेच्या वापरावर कडक निर्बंध आले. तबकडीची लाख मुख्यतः भारतातून जात असे. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेनं रेकॉर्डिंगवर बहिष्कार घातला आणि काही मोठ्या कंपन्यांशी तो १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालला. १९४८ मध्ये एलपी आली तेव्हा कंपन्यांनी स्वतःचा साठा आधी पुन्हा काढला. दुकानांच्या लेबलचा वाली कोणी नव्हता. वायलीही मोजकंच गायली. कोलंबिया कंपनीसाठी १९५०-५१ मध्ये 'नाइट इन मॅनहॅटन', मग अर्व्हिंग बर्लिन आणि व्हिन्सेंट यूमन्स यांचे दोन दहा इंची एलपी, १९५४ मध्ये रूबी ब्राफच्या ट्रंपेटबरोबर पुन्हा रॉजर्स आणि हार्ट, आणि आरसीए कंपनीसाठी १९५६-५७ मध्ये दोन. त्यानंतर थेट १९७१ चा 'बॅक होम अगेन'. तो मॉनमथ-एव्हरग्रीनचा. याच कंपनीनं जुने चारही अल्बम दोन एलपींत पुन्हा आणले. १९७५ च्या डिसेंबरात ती न्यूयॉर्कमध्ये वारली.

आता ऐकण्याबद्दल. मूळ तबकडी हाती लागलीच तर एलपीची सुई लावू नका. तिचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं असतं. ७८ ची खाच रुंद, तिला सुमारे ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि तळातला कचराच वाजवते. सुई बसवायचं कार्ट्रिज स्टीरिओ असेल तर दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो करा, खरखर लगेच उतरते. तबकडी अल्कोहोलनं पुसू नका, लाख विरघळते. साधं पाणी आणि दोन थेंब सौम्य साबण पुरे. लेबलवर मात्र पाणी जाऊ देऊ नका.

आजच्या फोनो प्रीअँपमधली, म्हणजे तबकडीचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्रातली, आरआयएए ही खालच्या-वरच्या स्वरांच्या समतोलाची प्रमाण पद्धत १९५४ च्या सुमारास रूढ झाली. ती १९३९ च्या तबकडीला लावली की वरची पट्टी जास्तच दबते आणि वायली कांबळ्याआडून गातेय असं वाटतं. ट्रेबल, म्हणजे हीच वरची पट्टी, चढवून पाहावी. डिजिटल प्रतींत उलटी चूक होते: खरखर काढायच्या नादात तीन-चार हजार हर्ट्झच्या वरचं बरंच काही खरवडलं जातं, आणि तिच्या आवाजाच्या कडेचा श्वास नेमका तिथे असतो. थोडी खरखर असलेली प्रत निवडा. वेगही तपासा. ७८.२६ ऐवजी ८० वर वाजली तर स्वर सुमारे ३८ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो, कंप जास्त जलद होतो आणि आवाजाचं वय कमी होतं. पियानोचा एखादा स्वर, स्वराची उंची मोजणाऱ्या ट्यूनरवर धरला की कळतं.

सुरुवात 'आयव्ह गॉट अ क्रश ऑन यू'नं करावी. १९३९ चं आधी, मग 'नाइट इन मॅनहॅटन'मधलं, ज्यात तंतुवाद्यं आहेत आणि बॉबी हॅकेटचा ट्रंपेट. सिनात्राच्या १९४७ च्या रेकॉर्डवरही हॅकेटच आहे, तेव्हा ती या दोहोंच्या मध्ये ऐकावी.