नोकरदार आईची ओढाताण आली कुठून?

रात्रीतून मुलाला ताप चढतो आणि सकाळी नऊला न चुकवता येणारी मीटिंग असते. रजा कोणी टाकायची हे बहुतेक घरांत विचारावंही लागत नाही. आईने, हे ठरलेलंच असतं. वर ही ओढाताण हल्लीच्या बायकांनी हौसेने ओढवून घेतली आहे, असं ऐकवणारेही भेटतात. पण ती बरीच जुनी आहे.

बायका पूर्वीही राबतच होत्या, शेतात, मागावर, दुकानात. तेव्हा मुलांचे फार लाड होत असं नाही, पण मूल आसपास असायचं आणि हातातलं काम टाकून त्याला घ्यायला मुकादमाची परवानगी लागत नसे. कारखाने आले तसं काम घराबाहेर गेलं, त्याला ठरलेल्या वेळा आल्या आणि मूल मागे राहिलं. 1844 मध्ये फिर्मँ मार्बो यांनी पॅरिसमध्ये कामकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर काढलं. आया मध्येच येऊन मुलाला अंगावर पाजायच्या आणि परत कामाला जायच्या. 1919 च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मातृत्व करारात बाळंतपणाच्या आधी आणि नंतर सहा-सहा आठवडे रजा होती, शिवाय कामाच्या वेळात स्तनपानासाठी रोज दोनदा अर्धा-अर्धा तास. आज कित्येक ऑफिसांत हा अर्धा तास मागायलाही बायकांना संकोच वाटतो!

दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, कारखान्यांना बायका हव्या होत्या आणि पाळणाघरांसाठी सरकारी पैसा लगेच निघाला. अमेरिकेत 1946 मध्ये केंद्र सरकारने तो बंद केला. गरज कोणाची होती, ते उघडच आहे.

अपराधीपणाची भर पडली ती यानंतर. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने 1951 मध्ये प्रसिद्ध केला. विषय होता बेघर, घरापासून तुटलेल्या मुलांचं मानसिक आरोग्य. अनाथालयांत, रुग्णालयांत दीर्घकाळ राहिलेल्या मुलांना मायेच्या माणसाची उणीव किती भोवते, हे त्यांनी दाखवलं आणि ते महत्त्वाचंच होतं. पण लोकांपर्यंत ते पोचलं ते असं, की आई दिवसभर बाहेर असेल तर मूल बिघडतं. कायमची ताटातूट आणि संध्याकाळी घरी परतणारी आई यांना एकाच मापाने मोजलं गेलं. ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी 1972 मध्ये या सगळ्या पुराव्याची फेरतपासणी केली. मूल आईखेरीज इतरांशीही घट्ट नातं जोडतं आणि सगळ्या ताटातुटी सारख्या नसतात, असं त्यांनी मांडलं. हे मात्र घरोघरी पोचलं नाही. चांगलं पाळणाघर मिळूनही पहिल्या दिवशी दारातून पाय निघत नाही, त्यामागे थोडं तरी हे जुनं ओझं आहे, असं मला वाटतं.

बायकांच्या नोकऱ्या वाढल्या, घरकामाची वाटणी मात्र तशीच राहिली. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी 1989 मध्ये घरच्या या कामाला ‘दुसरी पाळी’, म्हणजे सेकंड शिफ्ट, म्हटलं. त्यात न दिसणारं काम वेगळंच: लस कधी द्यायची, बूट कधी लहान झाले, शाळेत उद्या काय न्यायचं.

स्वीडनने 1974 मध्ये पालकत्वाची रजा वडिलांनाही खुली केली. वडिलांनी ती जवळपास घेतलीच नाही. आपल्या वाट्याचे दिवस ते आईच्या नावे करून मोकळे व्हायचे. म्हणून 1995 मध्ये एक महिना असा राखून ठेवला, की तो दुसऱ्याच्या नावे करता येत नसे. घेतला नाही तर बुडायचा. त्यानंतर मात्र वडील रजा घेऊ लागले.