जुने कीबोर्ड आणि त्यांचे स्विच कसे ओळखायचे

जुना कीबोर्ड म्हणजे इथे साधारण १९७० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे कॉम्प्युटर कीबोर्ड धरलेत, म्हणजे कीखाली रबराची वाटी असलेले स्वस्त रबर डोमवाले सगळीकडे पसरायच्या आधीचे. तेव्हा कीबोर्ड ही महागाची वस्तू होती, प्रत्येक कीखाली स्वतंत्र यंत्रणा असायची, तिलाच स्विच म्हणतात, आणि कीबोर्ड ओळखायचा म्हणजे मुळात हा स्विच ओळखायचा. बाकी सगळं, म्हणजे कंपनी, साल, कुठल्या मशीनबरोबर आला होता, हे त्याच्या आजूबाजूचे पुरावे.

लोक पहिली चूक करतात ती समोरच्या नावाची. पुढे डेल लिहिलंय म्हणून तो डेलने बनवलेला असतोच असं नाही, बहुतेक कॉम्प्युटर कंपन्या कीबोर्ड बाहेरून घ्यायच्या, आल्प्स, की ट्रॉनिक, एनएमबी, चेरी, मित्सुमी अशांकडून, आणि वर फक्त स्वतःचा लोगो लावायच्या. दुसरी चूक रंगाची. "निळा स्विच आहे" एवढंच सांगून काही कळत नाही, कारण चेरीचा निळा वेगळा, आल्प्सचा निळा वेगळा, एसएमकेचा निळा आणखी वेगळा, आणि तिघांची आतली रचना एकमेकांशी जुळत नाही. तिसरी चूक आवाजाची, विशेषतः व्हिडिओ बघून, कारण आवाज टेबलावर, कीकॅपच्या म्हणजे कीवरच्या प्लास्टिकच्या टोपीच्या जाडीवर आणि माइकवरही ठरतो. म्हणून एक कॅप काढून खाली काय आहे ते डोळ्यांनी बघायचं, त्याला पर्याय नाही.

कॅप काढल्यावर काय दिसतं

कॅप सरळ वर ओढायची, तिरकी नाही. तारेचा पुलर नसेल तर पेपरक्लिप वाकवून दोन बाजूंनी अडकवली तरी चालते. स्पेसबार, एंटर, शिफ्ट अशा लांब कीजपासून सुरुवात करू नये, त्यांच्याखाली की तिरकी होऊ नये म्हणून स्टॅबिलायझरची तार असते आणि घाईत ओढलं की तिचे प्लास्टिकचे हूक तुटतात. एखादी अक्षराची की घ्यायची.

कॅप ज्यावर बसते त्या दांड्याला स्टेम म्हणतात आणि बरीचशी ओळख तिथेच पटते. स्टेम अधिकच्या चिन्हासारखा असेल तर चेरी एमएक्स घराणं. आडवी चपटी आयताकृती खाच असेल, जिच्यात कॅपची पट्टी वरून घुसते, तर आल्प्स किंवा आल्प्सची नक्कल. स्टेमचा आकार जुन्या व्हिडिओ गेममधल्या परग्रहवासी राक्षसासारखा दिसत असेल तर तो हाय-टेकचा, ज्याला हौशी लोक स्पेस इन्व्हेडर म्हणतात, एनएमबीच्या आरटी १०१ मालिकेत तो बऱ्याचदा सापडतो. कॅपखाली स्विचची डबी नसून नुसतं नळकांडं आणि त्यातून डोकावणारी स्प्रिंग दिसली तर हातात आयबीएमचा बकलिंग स्प्रिंग आहे. आणि दांड्याखाली मऊ रबराची वाटी जाणवली तर तो रबर डोम, मग वरचं नाव काहीही असो. एक अपवाद लक्षात ठेवायचा, टोप्रे या जपानी कंपनीच्या स्विचमध्येही रबराची वाटी असते पण तिच्याखाली शंकूच्या आकाराची स्प्रिंग असते आणि की दाबली गेली हे कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा भार साठवण्याची क्षमता, मोजून कळतं, त्यामुळे त्याला साध्या डोममध्ये टाकणं बरोबर नाही.

स्विचचा स्वभाव तीन प्रकारचा. लिनिअर म्हणजे वरपासून खालपर्यंत गुळगुळीत, मध्ये काही अडत नाही. टॅक्टाइल म्हणजे मध्ये बोटाला एक टप्पा लागतो. क्लिकी म्हणजे टप्पा अधिक स्पष्ट खट्ट आवाज.

आयबीएम

या विषयात आयबीएमला सगळ्यात जास्त जागा द्यावी लागते, कारण लोकांच्या मनात जुना कीबोर्ड म्हटलं की हाच येतो आणि गोंधळही इथेच जास्त होतो. १९७० च्या दशकातल्या ३२७८, ५२५१ अशा टर्मिनलवर, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्क्रीन-कीबोर्डवर, आणि डिस्प्लेरायटर या मजकूर टाइप करायच्या मशीनवर बीम स्प्रिंग नावाचा प्रकार होता, तो आकाराने मोठा, वजनदार, आणि काही कीबोर्डांमध्ये तर प्रत्येक की दाबल्यावर मुद्दाम आवाज करायला आत वेगळा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर ठोका मारणारं चुंबकी वेटोळं, बसवलेला असायचा. त्यानंतर आला बकलिंग स्प्रिंग, ज्याची पेटंटं आयबीएमच्या रिचर्ड हॅरिसच्या नावावर १९७० च्या दशकातली आहेत. की दाबली की स्प्रिंग आधी सरळ दबते, मग एका क्षणी कमरेतून एका बाजूला वाकते, खालची छोटी हातोडी पलटते आणि स्प्रिंग नळकांड्याच्या भिंतीवर आपटून तो आवाज होतो. म्हणजे आवाज आणि अक्षर उमटणं एकाच क्षणी घडतं, वेगळी क्लिकची पट्टी लावलेली नाही, आणि मला तरी ही रचना अजूनही या सगळ्यांत सुंदर वाटते.

या स्प्रिंगखाली काय आहे त्यावरून मॉडेल एफ आणि मॉडेल एम वेगळे होतात. मॉडेल एफमध्ये हातोडी कपॅसिटिव्ह सर्किट बोर्डवर हलते, दोन धातूच्या पत्र्यांमध्ये सगळं घट्ट धरलेलं असतं. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेला ८३ कीचा आणि १९८४ च्या पीसी एटीबरोबरचा ८४ कीचा, हे दोन्ही मॉडेल एफ. मॉडेल एम १९८५ च्या सुमाराचा, त्यात हातोडी मेम्ब्रेनवर, म्हणजे सर्किट छापलेल्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर, आपटते, खर्च कमी, आवाज थोडा दबका, आणि १०१ कीची जी मांडणी आज आपण बघतो ती याच कीबोर्डमुळे रूढ झाली. न उघडता फरक करायचा तर फंक्शन की बघा, डावीकडे दोन उभ्या रांगांत दहा असतील आणि बाकी आकार आयबीएमचा असेल तर बहुतेक एफ, वरच्या ओळीत बारा असतील तर बहुतेक एम. टर्मिनलचे १२२ कीवाले मात्र दोन्ही प्रकारचे निघतात, तिथे हा नियम चालत नाही आणि मागचं लेबलच बघावं लागतं.

मॉडेल एमचं मागचं लेबल म्हणजे जन्मदाखलाच. त्यावर पार्ट नंबर, अनुक्रमांक आणि बनवल्याची तारीख छापलेली असते. १३९१४०१ हा सगळ्यात जास्त सापडणारा अमेरिकन मांडणीचा, १३९०१३१ त्याच्या आधीचा, चौकोनी चंदेरी लोगोवाला. लंबगोल करडा लोगो नंतरचा आणि निळा आणखी नंतरचा. १९९१ मध्ये आयबीएमने हा धंदा लेक्समार्क म्हणून वेगळा काढला, म्हणून लेबलवर लेक्समार्कचं नाव दिसलं तर तो त्या सालानंतरचा, आणि १९९६ पासून तेच काम अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली युनिकॉम्प ही कंपनी करते. बनावट समजू नये, साचे त्याच परंपरेतले आहेत.

एक सावधगिरी. मॉडेल एम असं छापलेले काही कीबोर्ड रबर डोमचे आहेत, लेबल खरं, कंपनी खरी, पण बकलिंग स्प्रिंग नाही. विकत घेताना विक्रेत्याला एक कॅप काढून फोटो पाठवायला सांगायचा, स्प्रिंग दिसलीच पाहिजे. आणि कीबोर्ड हातात घेऊन हळूच हलवून बघायचा, आत बारीक तुकडे खुळखुळले तर पत्रा आणि प्लास्टिक जोडणारे प्लास्टिकचे रिव्हेट तुटलेत, हे एमचं नेहमीचं दुखणं. दुरुस्त होतं, पण वेळ जातो. उघडायला साडेपाच मिलिमीटरचा, पातळ भिंतीचा नट ड्रायव्हर लागतो, साधा पाना खोल भोकात शिरत नाही.

आल्प्स

जपानच्या आल्प्स कंपनीचे स्विच १९८० च्या दशकात इतक्या कीबोर्डांत गेले की एकेक मोजणं अवघड. अॅपलचा १९८७ चा एक्स्टेंडेड कीबोर्ड, मॉडेल एम ०११५, यात बऱ्याचदा नारिंगी आल्प्स असतात, ते टॅक्टाइल. त्यानंतरच्या एक्स्टेंडेड कीबोर्ड दोनमध्ये बऱ्याचदा क्रीम रंगाचे, आवाज दाबण्यासाठी रबर लावलेले, पण त्याच मॉडेल नंबरखाली मित्सुमीचे स्विच असलेलेही निघतात, म्हणजे नुसत्या मॉडेल नंबरवर पैसे मोजू नयेत. डेलच्या एटी १०१ डब्ल्यूमध्ये काळे आल्प्स, टॅक्टाइल. निळे आणि पांढरे क्लिकी, त्यात निळ्यांना सगळ्यात जास्त मागणी. हिरवे आणि पिवळे लिनिअर.

आत एक धातूची वाकवलेली पट्टी असते, तीच टप्पा किंवा क्लिक देते, आणि रंग बदलला की मुख्यतः ही पट्टी बदलते. स्विचच्या डबीवर आल्प्स असं बारीक कोरलेलं असतं, टॉर्च तिरका धरला की दिसतं. ते नसेल तर नक्कल असण्याची शक्यता बरीच, आणि नकला ढिगाने झाल्यात. एक गोष्ट मात्र मनापासून सांगावीशी वाटते, आल्प्स धुळीला फार नाजूक असतात, तीस वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला आल्प्स खरखरीत लागतो आणि लोक म्हणतात की हे स्विचच वाईट. तसं नाही. धूळ न लागलेला एक तुकडा दाबून बघितल्याशिवाय या स्विचबद्दल मत बनवू नये.

चेरी, आणि आपल्या ओळखीचा एक

चेरी ही मूळची अमेरिकेतल्या इलिनॉयची कंपनी, कीबोर्डचं काम पुढे जर्मनीत गेलं. एमएक्स स्विच १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा. चेरीचा स्वतःचा कीबोर्ड असेल तर मॉडेल नंबरचे पहिले आकडेच सांगतात, जी ८० म्हणजे एमएक्स, जी ८१ म्हणजे एमवाय, जी ८४ म्हणजे बुटका एमएल. एमवायचा स्टेमही अधिकच्या चिन्हाचा असतो, म्हणून कॅप काढून फसायला होतं, पण दाबायला तो खूप जड होत जाणारा आणि कमी दर्जाचा. एमएक्समध्ये काळा लिनिअर, निळा क्लिकी, तपकिरी टॅक्टाइल. तपकिरी १९९४ चा आणि लाल २००८ चा, त्यामुळे १९८८ च्या कीबोर्डात लाल स्विच सापडले तर ते कुणीतरी नंतर बसवलेत. पेटंट संपल्यावर याच आकाराचे स्विच अनेक चिनी कंपन्या करायला लागल्या, म्हणून डबीवर चेरीचं नाव वाचायचंच.

आपल्याकडे हा स्विच लाखो लोकांनी नकळत दाबलाय. बँकेच्या काउंटरवर, सरकारी ऑफिसात, होलसेल दुकानाच्या बिलिंगला जो टीव्हीएस गोल्ड टकटकत असतो त्यात बराच काळ चेरीचे निळे एमएक्स होते. आपल्याकडे लोक परदेशातून महाग कीबोर्ड मागवतात आणि हा समोर असून बघत नाहीत. त्याच्या भारत नावाच्या आवृत्तीवर रुपयाचं चिन्ह असतं, आणि ते चिन्ह सरकारने २०१० मध्ये स्वीकारलं, म्हणजे कुठल्याही कीबोर्डवर ते छापलेलं असेल तर तो त्याआधीचा असू शकत नाही. देवनागरी अक्षरं असलेला सापडला तर के या कीवर क आणि डी वर हलन्त आहे का बघा, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतील तर ती इन्स्क्रिप्ट मांडणी. तसं नसेल तर बहुधा टाइपरायटरच्या मांडणीवरून आलेली.

स्पर्श नसलेले स्विच

काही जुन्या स्विचमध्ये धातूला धातू लागतच नाही. इलिनॉयमधल्या फ्रीपोर्टच्या मायक्रो स्विचने, ही हनीवेलची शाखा, १९६८ मध्ये हॉल इफेक्टचा कीबोर्ड आणला, दांड्यात चुंबक आणि खाली सेन्सर, झिजायला काही नाही, पन्नास वर्षांनीही चालू असलेले मिळतात. याच्या उलट की ट्रॉनिकचा फोम आणि फॉइलचा प्रकार, अॅपलच्या लिसा कॉम्प्युटरमध्ये आणि कॉम्पॅकच्या पहिल्या पोर्टेबलमध्ये तो होता, कीखाली फोमची गोल चकती आणि तिला चिकटवलेली फॉइल. फोम वयाने कुजतो, त्याची भुकटी होते, आणि एकही की चालत नाही. असा कीबोर्ड मेलाय समजून टाकू नये, नव्या चकत्या मिळतात किंवा कापून करता येतात, सगळ्या कीजना करायला एक शनिवार-रविवार जातो.

साल कसं काढायचं

आधी वायरचं टोक. पाच पिनचा मोठा गोल प्लग म्हणजे आयबीएमच्या सुरुवातीच्या पीसींच्या पद्धतीचा, एक्सटी किंवा एटी, दोघांचा प्लग तोच पण भाषा वेगळी, म्हणून त्या काळच्या बऱ्याच कीबोर्डांच्या पोटावर एक्सटी आणि एटी निवडायचा छोटा स्विच असतो, आणि बंद पडलाय म्हणून भंगारात गेलेले कित्येक फक्त चुकीच्या बाजूला असतात. सहा पिनचा छोटा गोल म्हणजे १९८७ पासूनचा पीएस टू. चार पिनचा छोटा गोल म्हणजे अॅपलचा एडीबी, १९८६ पासूनचा. १९८४ च्या पहिल्या मॅकचा कीबोर्ड टेलिफोनसारख्या गुंडाळी वायरचा आणि त्याला बाणांच्या कीज नाहीत. विंडोजची की असेल तर १९९० च्या दशकाच्या मध्यानंतरचा.

मागे एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा, नंबर असेल तर त्याची सुरुवातीची अक्षरं खऱ्या निर्मात्याकडे बोट दाखवतात. आणि उघडलाच तर आतल्या चिपवर चार आकडे बघायचे, ८७४३ म्हणजे १९८७ चा ४३ वा आठवडा. कीबोर्ड त्यानंतरच जोडला गेलाय, हा पुरावा लेबल फाटलेलं असलं तरी मिळतो.

कॅपचं प्लास्टिकही बोलतं, ते मुख्यतः दोन प्रकारचं, एबीएस आणि पीबीटी. एबीएस उन्हाने पिवळं पडतं आणि बोटांनी घासून चकाकतं, पीबीटी खरखरीत राहतं. शंका असेल तर भरपूर मीठ विरघळवलेल्या पाण्यात कॅप टाकायची, एबीएस तरंगतं, पीबीटी बुडतं. अक्षराचा रंग कॅपच्या आत शेवटपर्यंत गेलेला दिसला, खालून दोन रंगांचं प्लास्टिक दिसलं, तर ती डबलशॉट.

शेवटी चालवून बघायचं. एटी आणि पीएस टू दोन्हींचे सिग्नल सारखेच, साधा जोडणीचा तुकडा पुरतो, पण यूएसबीला जोडायचं तर आत चिप असलेला कन्व्हर्टर हवा, नुसता प्लग बदलणारा नाही, आणि मॉडेल एमसारख्यांना जास्त करंट लागतो म्हणून अगदी स्वस्त कन्व्हर्टरवर ते अर्धवट चालतात. एक्सटी, टर्मिनल किंवा एडीबी असेल तर छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर क्यूएमके किंवा टीएमके हे कीबोर्डसाठीचं सॉफ्टवेअर टाकून घरी कन्व्हर्टर करता येतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तसे बोर्ड सहज मिळतात. जोडल्यावर एकेक की दाबून स्क्रीनवर येते का बघायची, आणि न येणाऱ्या कीजची रांग किंवा उभा पट्टा एकच असेल तर स्विच बिघडलेले नाहीत, सर्किटची एक वाट तुटलीय, ती आधी तपासायची आणि मगच सोल्डरिंग हातात घ्यायचं.