सुप्त उष्णता

पदार्थाची अवस्था बदलत असताना, म्हणजे घनाचा द्रव किंवा द्रवाची वाफ होत असताना, तापमानात फरक न पडता जी उष्णता शोषली जाते तिला सुप्त उष्णता (अप्रकट उष्मा) म्हणतात. वाफेचे पाणी होताना किंवा पाणी गोठताना तेवढीच उष्णता बाहेर पडते. पाण्याच्या बाबतीत वितळण्याची सुप्त उष्णता ०° से.ला ग्रॅममागे सुमारे ३३४ जूल (जुन्या एककात ८० कॅलरी), तर बाष्पनाची १००° से.ला सुमारे २,२५७ जूल (५४० कॅलरी) असते. बाष्पनाची सुप्त उष्णता तापमानाबरोबर घटत जाते व सुमारे ३७४° से. या क्रांतिक तापमानाला (ज्याच्या वर द्रव व वाफ असा भेद उरत नाही) ती शून्य होते.

संकल्पनेचे श्रेय : अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत असा समज होता की, वितळणबिंदूला पोचलेल्या बर्फाला आणखी थोडीशी उष्णता मिळाली की ते सगळे पाणी होते. हा समज खरा असता तर हिवाळ्यात साचलेले बर्फ पहिल्याच उबदार दिवशी पुराच्या लोंढ्यासारखे वाहून गेले असते, हा आक्षेप स्कॉटिश रसायनज्ञ जोसेफ ब्लॅक (१७२८–९९) यांनी घेतला. त्यांनी सारख्याच दोन काचपात्रांत सारख्याच वजनाचे बर्फ व ३३° फॅ. तापमानाचे पाणी घेऊन ती एकाच खोलीत ठेवली. पाण्याचे तापमान अर्ध्या तासात ४०° फॅ. झाले, बर्फ वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास, म्हणजे एकवीस अर्धे तास लागले. अर्ध्या तासाला ७° या हिशेबाने बर्फाने एकूण १४७° इतकी उष्णता (म्हणजे तेवढ्याच वजनाच्या पाण्याचे तापमान १४७° फॅ.ने वाढवील इतकी) घेतली होती, पण तापमापीत फक्त ८° ची वाढ (३२° ते ४०°) दिसत होती. उरलेली सुमारे १३९° उष्णता केवळ वितळण्यात गेली. आजच्या मापनानुसार हा आकडा सुमारे १४४° येतो, आणि खोलीतल्या हवेच्या उष्णतेवर विसंबलेल्या प्रयोगाच्या मानाने ही अचूकता लक्षणीय आहे. ब्लॅक यांनी हे निष्कर्ष १७६२ च्या एप्रिलमध्ये ग्लासगो येथील एका विद्वत्सभेत वाचून दाखवले. पाठोपाठ बाष्पनावरही प्रयोग केले.

या शोधाचे श्रेय कोणाचे यावर पुढे वाद झाला. त्याचे मूळ असे की, ब्लॅक यांनी यातले काहीच स्वतः छापले नाही. त्यांच्या व्याख्यानांची टिपणे विद्यार्थ्यांमध्ये हस्तलिखित स्वरूपात फिरत होती. १७७० मध्ये लंडनमध्ये त्यांची एक निनावी, अनधिकृत आवृत्ती निघाली आणि अधिकृत ग्रंथ त्यांचे शिष्य व मित्र जॉन रॉबिसन यांनी ब्लॅक यांच्या मृत्यूनंतर १८०३ मध्ये प्रसिद्ध केला. दरम्यान १७७२ मध्ये स्वीडनमधील योहान कार्ल विल्के यांनी गरम पाणी व बर्फ मिसळण्याच्या पद्धतीने बर्फ वितळण्यास ७२° से. इतकी उष्णता लागते, असे प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी जिनीव्हाचे झां-आंद्रे द ल्यूक यांच्या ग्रंथातही वितळत्या बर्फाच्या स्थिर तापमानाचे निरीक्षण आले. द ल्यूक यांच्या अग्रहक्काच्या दाव्याला रॉबिसन यांनी कडवा विरोध केला. छापील तारीख हीच कसोटी मानली तर विल्के यांचा हक्क मोठा ठरतो. तथापि व्याख्यानांचा पुरावा पाहता संकल्पना व मापन यांत ब्लॅक आधीचे होते आणि विल्के यांचे काम स्वतंत्र होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अतिशीत (गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहिलेले) पाणी हलवताच गोठते व तापमापीतला पारा गोठणबिंदूपर्यंत चढतो, हे फारनहाइट यांनी १७२४ मध्येच नोंदवले होते, मात्र त्याचा अर्थ लावला नव्हता. जेम्स वॉट यांना वाफेच्या इंजिनासाठी वेगळ्या संघनकाची (वाफ थंड करून तिचे पाणी करणाऱ्या भागाची) कल्पना (१७६५) ब्लॅक यांच्या सिद्धांतावरून सुचली, ही रूढ कथा खुद्द वॉट यांनीच नाकारली आहे.

स्पष्टीकरण : फ्रेंच रसायनज्ञ लाव्वाझ्ये यांनी १७८९ मध्ये ‘कॅलरिक’ या उष्णतेच्या कल्पित द्रव्याला मूलद्रव्यांच्या यादीत स्थान दिले आणि सुप्त उष्णता म्हणजे पदार्थाशी जोडले गेलेले कॅलरिक, अशी समजूत काही काळ टिकली. रम्फर्ड (१७९८) व पुढे जूल यांच्या प्रयोगांनी ती मागे पडली. आजच्या मते अवस्थांतरात पुरवलेली ऊर्जा रेणूंची सरासरी गती वाढवण्यात न जाता त्यांच्यामधील आकर्षण तोडण्यात जाते. म्हणूनच तापमापी जागची हलत नाही. यात रेणू मोडत नाही. एक मोल (सुमारे १८ ग्रॅम) पाण्याची वाफ करण्यास सुमारे ४१ किलोजूल लागतात, तर त्यातील ऑक्सिजन व हायड्रोजनचे अणू विलग करण्यास सुमारे ९२० किलोजूल.

इंदूर व परिसर : माळव्याच्या पठारावर सुमारे ५५० मीटर उंचीवर असलेल्या इंदुरात पाणी ९८° से.च्या आसपास उकळते. येथील मराठी घरांत आणि ठेल्यांवर पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेत ठेवतात. वाफेचे थंड पोह्यांवर पाणी होताना ग्रॅममागे सव्वादोन हजार जुलांहून अधिक उष्णता मिळते, आणि खाली आच कितीही मोठी केली तरी तापमान उकळणबिंदूच्या वर जात नसल्याने पोहे तळाला लागत नाहीत. वाफेने भाजणे अधिक गंभीर असते त्याचे कारणही हेच : तितक्याच वजनाचे उकळते पाणी त्वचेच्या तापमानाला येताना जेवढी उष्णता देते, त्याच्या जवळजवळ साडेआठपट उष्णता नुसत्या संघननात सुटते. माठ व कूलर बाष्पनावर चालतात. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते उपयोगी पडतात, पावसाळ्यात फारसे नाहीत.

शहरातील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आणि खंडवा रस्त्यावरील यूजीसी–डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग–अणुऊर्जा विभाग) वैज्ञानिक संशोधन संकुलात नीचतम तापमानावरील कामासाठी द्रव हेलियम वापरले जाते. ते ४.२ केल्व्हिनला (सुमारे −२६९° से.) उकळते. त्याची बाष्पनाची सुप्त उष्णता ग्रॅममागे जेमतेम २१ जूल आणि घनता पाण्याच्या अष्टमांश असल्यामुळे पात्रात एक वॅट उष्णता शिरली तरी तासाला सुमारे १.४ लिटर हेलियम उडून जाते. त्यामुळे उपकरणे आधी द्रव नायट्रोजनने (७७ केल्व्हिन, ग्रॅममागे सुमारे १९९ जूल) थंड करून घेतात, मग त्यांत हेलियम भरतात, आणि उडालेला वायू गोळा करून पुन्हा द्रवीकरणासाठी नेतात.