नव्या यकृतानंतर केमोथेरपी का देत नाहीत?

अमेरिकेतील डेन्व्हर येथे जुलै 1967 मध्ये थॉमस स्टार्झल यांनी यकृताचा कर्करोग झालेल्या सुमारे दीड वर्षाच्या एका मुलीवर यकृत प्रत्यारोपण केले. त्याआधीचे रुग्ण काही आठवड्यांतच दगावले होते. ही मुलगी मात्र वर्षाहून अधिक काळ जगली. अखेर तिचा जीव घेतला तो परत आलेल्या कर्करोगाने.

गाठीसकट सगळे यकृत काढल्यावरही कर्करोग परतू शकतो, कारण शस्त्रक्रियेपूर्वीच निसटलेल्या पेशी रक्तावाटे फुप्फुसांत किंवा हाडांत जाऊन बसलेल्या असतात आणि त्या कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. म्हणूनच प्रत्यारोपणासाठी रुग्ण निवडताना ‘मिलान निकष’ लावतात: एकच गाठ असेल तर ती 5 सेंटीमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येकी 3 सेंटीमीटरपर्यंत, आणि रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही. मिलान येथील माझाफेरो यांच्या 1996 मधील अभ्यासात 48 रुग्णांपैकी सुमारे 75 टक्के चार वर्षांनंतर हयात होते. तरीही निवड काटेकोर असूनसुद्धा दहांपैकी एखाद-दुसऱ्या रुग्णात रोग उलटतो, आणि तोही बहुधा पहिल्या दोन वर्षांत.

मग उरल्यासुरल्या पेशी मारण्यासाठी केमोथेरपी का देत नाहीत, असे नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण स्तनाच्या आणि आतड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर हेच केले जाते. प्रत्यारोपणानंतर डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचे औषध देऊन पाहण्यात आले, पण त्याने रोग परतणे टळते असे सिद्ध झाले नाही. विषारी द्रव्यांची विल्हेवाट लावणे हे यकृताच्या पेशीचे मूळ कामच आहे, आणि कर्करोग झालेल्या पेशीतही हा गुण बऱ्याच अंशी टिकून राहतो. तिच्या आवरणातील पंपासारखी प्रथिने आत आलेले औषध बाहेर फेकतात. शिवाय नवे यकृत शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती आधीच दाबलेली असते. त्यात केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या की साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. लहान मुलांतील हेपॅटोब्लास्टोमा हा यकृताचा कर्करोग मात्र वेगळा आजार आहे: तो सिसप्लॅटिनला चांगला दबतो, म्हणून त्यात प्रत्यारोपणाच्या आधी आणि अनेकदा नंतरही केमोथेरपी देतात.

मोठ्यांच्या बाबतीत खरी कसरत असते ती प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची. टॅक्रोलिमसची मात्रा कमी पडली तर शरीर यकृत नाकारते. जास्त झाली तर लपलेल्या कर्करोगपेशींना मोकळे रान मिळण्याची भीती असते. त्यामुळे रक्तातील औषधाची पातळी मोजतात, आणि ती नेमकी कळावी म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी न घेता आधी रक्त देण्याची सूचना रुग्णाने तंतोतंत पाळायला हवी. सिरोलिमस हे औषध प्रतिकारशक्ती दाबतानाच कर्करोगालाही आवर घालेल, अशी मोठी आशा होती. ईस्टर बेटावरच्या मातीतील जिवाणूपासून मिळालेले हे औषध सुरेंद्रनाथ सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने जगापुढे आणले. 525 रुग्णांच्या चाचणीत, ज्यांचा धोका मुळात कमी होता अशांना पहिली काही वर्षे त्याचा फायदा दिसला, पण तो दीर्घकाळ टिकला नाही. कर्करोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती चेतवणारी नवी इंजेक्शने इथे फार जपून वापरावी लागतात, कारण चेतलेली प्रतिकारशक्ती नव्या यकृतावरच उलटू शकते.

म्हणून भर राहतो तो पाळतीवर. काढलेल्या जुन्या यकृताचे पातळ काप करून, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत कर्करोग शिरला होता का हे पॅथॉलॉजिस्ट पाहतो आणि त्यावरून पुढच्या तपासण्यांचे अंतर ठरते. मग दर काही महिन्यांनी रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन (यकृताच्या कर्करोगात अनेकदा वाढणारे प्रथिन) आणि छाती-पोटाचा सीटी स्कॅन. फुप्फुसात एकच लहान गाठ वेळेत सापडली, तर निवडक रुग्णांत ती शस्त्रक्रियेने काढता येते.