ग्रुप सरकलाय की पसरलाय? स्कोपचं काम आणि काडतुसाचं काम

लांब पल्ल्याच्या नेमबाजीत दोन तक्रारी सतत कानावर येतात. ‘गोळ्या डावीकडे पडताहेत’ ही एक आणि ‘गोळ्या पसरताहेत’ ही दुसरी. दोन्हींत मधलं वर्तुळ कोरंच राहतं, त्यामुळे दोन्हींवर एकच इलाज केला जातो: स्कोपवरचा, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीवरचा, नेम सरकवणारा टरेट (गोल खुंटी) फिरवायचा. त्याने नाही जमलं तर महागडी काडतुसं आणायची. यात वेळ, पैसा आणि नळीचं आयुष्य, सगळं वाया जातं, कारण हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे आहेत.

आधी ग्रुप म्हणजे काय ते बघू. एकाच लॉटची (एकाच खेपेत बनलेली) काडतुसं, एकच बैठक, एकाच बिंदूवर नेम, आणि दहा गोळ्या. टार्गेटवर जो पुंजका उमटतो त्याला दोन गुण असतात. त्याचा मध्य कुठे आहे, हा पहिला. तो किती रुंद आहे, हा दुसरा. स्कोपची क्लिक, म्हणजे टरेटचा एक टप्पा, फक्त मध्य हलवते. पुंजक्याची रुंदी नळी, गोळी, काडतुसातली दारू आणि नेमबाज यांच्या हातात असते. पसरलेला ग्रुप क्लिकने कधीही आवळत नाही. टरेट फिरवला तर तो जसाच्या तसा पसरट राहून फक्त दुसरीकडे जातो.

उलट, चांगलं काडतूस आणलं म्हणून सरकलेला ग्रुप मध्यावर येईलच असं नाही. गोळीचं वजन आणि वेग बदलला की नळीची थरथर आणि गोळी बाहेर पडण्याचा क्षण बदलतो, त्यामुळे मध्य कुठेही जाऊ शकतो. तो नेमका मध्यावर आला तर तो निव्वळ योगायोग.

एका गोळीवरून क्लिक बदलण्याची सवय सर्वांत महागात पडते. समजा रायफलचा ग्रुप १०० मीटरवर ३ सेंमीचा आहे आणि झिरो (ग्रुपचा मध्य नेमाच्या बिंदूवर आणणारी जुळणी) अगदी बरोबर आहे. एक गोळी सेंटीमीटरभर उजवीकडे गेली. तो तिचा हक्काचा विखुरलेपणा आहे, त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. तरीही तुम्ही एक क्लिक डावीकडे दिलीत आणि पुढच्या प्रत्येक गोळीनंतर तिच्या चुकीइतकी उलटी दुरुस्ती करत राहिलात, तर गणित सांगतं की विखुरलेपणा कमी होण्याऐवजी साधारण १.४ पट वाढतो. बऱ्या रायफलीचा ग्रुप आपण स्वतःच्या हाताने बिघडवतो. म्हणून आधी किमान पाच, शक्यतो दहा गोळ्या मारा, त्यांचा मध्य काढा आणि मगच टरेटला हात लावा. तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप फोटोपुरता ठीक आहे, त्यावर निर्णय घेऊ नये.

दुरुस्तीचं गणित सोपं आहे. मिल हे कोनाचं माप: १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंमी, आणि ०.१ मिलची एक क्लिक म्हणजे १ सेंमी. मध्य ६ सेंमी उजवीकडे आणि ४ सेंमी खाली असेल तर सहा क्लिक डावीकडे, चार वर. एमओए (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं दुसरं माप) पद्धतीच्या स्कोपमध्ये १ एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंमी, त्यामुळे पाव एमओएची क्लिक साधारण ७ मिमीची होते. दोन्ही पद्धती सारख्याच चांगल्या आहेत. फक्त टरेट एका पद्धतीचा आणि रेटिकल (स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेघा) दुसऱ्या पद्धतीचं, असा स्कोप घेऊ नका.

सारखाच आकडा, वेगळा दोष

हा गोंधळ समजून घ्यायला एक उदाहरण मला फार उपयोगी वाटतं.

पहिली रायफल. १००० मीटरवर गोळी सुमारे ३० सेंमी खाली पडते. पुन्हा मारली, पुन्हा तितकीच खाली. शोधल्यावर कळतं की टरेटवर १० मिल दिले की स्कोप प्रत्यक्षात ९.७ मिलच हलतो. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण १००० मीटरवर ०.३ मिल म्हणजे ३० सेंमी.

दुसरी रायफल. तिचा स्कोप चोख आहे, पण काडतुसागणिक गोळीचा वेग बदलतो. .३०८ कॅलिबरची, १७५ ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला साधारण ७९० मीटर वेगाने सुटते. दोन काडतुसांत सेकंदाला १० मीटरचा फरक असेल तर १००० मीटरवर त्यांच्या उंचीत तीस-चाळीस सेंमीचं अंतर पडतं. इथे एक गोळी वर, दुसरी खाली, तिसरी मध्ये, अशी उभी माळ उमटते.

दोन्हीकडे आकडा जवळपास तोच. पहिल्या रायफलीला जगातलं उत्तम काडतूस दिलं तरी ती ३० सेंमी खालीच मारेल, आणि दुसरीवर कितीही भारी स्कोप चढवला तरी माळ तशीच राहील. आणखी एक बाब म्हणजे दोन्ही दोष १०० मीटरवर लपून राहतात. तिथे स्कोपला १० मिल द्यावेच लागत नाहीत, आणि वेगातल्या त्याच फरकाने गोळी जेमतेम दोन मिलिमीटर वर-खाली होते. म्हणून ‘शंभरवर एकाच भोकात जातात’ हे लांब पल्ल्याचं प्रमाणपत्र नव्हे.

पहिला दोष शोधायला लांब जावं लागत नाही. १०० मीटरवर उंच कागद लावा, ओळंबा सोडून त्यावर उभी रेघ आखा, खालच्या टोकावर नेम धरून काही गोळ्या मारा. मग टरेटवर १० मिल देऊन त्याच बिंदूवर पुन्हा मारा. दुसरा पुंजका बरोबर १०० सेंमी वर यायला हवा. ९७ सेंमीच आला तर तो फरक कायमचा लिहून ठेवा आणि हिशेबात धरा.

याच कागदावर दुसरी एक चूकही दिसते. पुंजका वर जाताना रेघेपासून बाजूला सरकत असेल तर रेटिकल तिरकं आहे. ३ अंशांचा कल नुसत्या डोळ्याला सहसा जाणवत नाही, पण १० मिल देऊन १००० मीटरवर मारलं तर गोळी अर्ध्या मीटरहून जास्त बाजूला जाते. बहुतेक जण त्याचा दोष वाऱ्याला देतात. इथे जपायचं ते इतकंच की गोळी सुटताना रेटिकलची उभी रेघ ओळंब्यात असली पाहिजे. स्कोप रायफलवर किंचित वाकडा बसला तरी ही रेघ सरळ धरली तर चूक लहान राहते. म्हणून स्कोपवर बुडबुड्याची लेव्हल लावावी, पण ती रेटिकलशी जुळवून, रायफलच्या दांड्याशी (स्कोप बसवायच्या पट्टीशी) नव्हे.

काडतुसाची बाजू

पुंजक्याची रुंदी काडतुसावर किती अवलंबून असते याचा मोठा पुरावा अशा खेळातून मिळतो जिथे रायफलवर दुर्बीण चालतच नाही. आंतरराष्ट्रीय ५० मीटर रायफल स्पर्धेत भिंगाने मोठं करून दाखवणारा स्कोप रायफलवर लावता येत नाही, आणि दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिमीचं. तरीही हे नेमबाज .२२ काडतुसांचे लॉट एकामागून एक तपासतात, रायफल पकडीत घट्ट बसवून. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या डब्यातले दोन लॉट त्याच नळीत वेगळे ग्रुप देतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मोठ्या कॅलिबरमध्ये वेगाच्या सातत्याबरोबर गोळी आणि नळी यांची जोडीही बघावी लागते. लांब गोळी स्थिर राहायला जलद फिरकी लागते. .३०८ च्या नळीतल्या पिळदार खोबणीचा १२ इंचांत एक फेरा असेल तर फार लांब, जड गोळ्यांना तो अपुरा पडू शकतो. १० इंचांत एक फेरा असेल तर त्या आरामात चालतात.

दुसरी अडचण आवाजाच्या वेगाची. १५ अंश सेल्सिअसला तो सेकंदाला साधारण ३४० मीटर असतो. गोळी मंदावत त्याच्या जवळ आली की हवेचा दाब तिच्यावर वेगळ्या तऱ्हेने पडतो, आणि काही गोळ्या डगमगायला लागतात. सिएरा कंपनीची १६८ ग्रेनची मॅचकिंग गोळी याचं प्रसिद्ध उदाहरण. ती मुळात ३०० मीटरच्या स्पर्धांसाठी घडवलेली आणि त्या पल्ल्यात उत्कृष्ट. पण .३०८ मधून १००० मीटरच्या दिशेने पाठवली तर शेवटच्या टप्प्यात तिचा भरवसा राहत नाही. १७५ ग्रेनच्या गोळीची शेपटी कमी उताराची आहे आणि ती हा टप्पा बरीच सुखरूप ओलांडते. यात दर्जाचा प्रश्न नाही. दोन्ही गोळ्या आपापल्या कामाच्या आहेत.

जिथे दोष एकमेकांचं सोंग घेतात

आता या नियमाला असलेला अपवाद. स्कोपमुळेही ग्रुप पसरू शकतो, आणि त्याचं नाव पॅरॅलॅक्स. लक्ष्याची प्रतिमा रेटिकलच्या प्रतलात पडत नसेल तर डोळा जरा हलला की रेटिकल लक्ष्यावरून सरकतं. पुढचं भिंग ४० मिमीचं आहे, स्कोप १०० मीटरला जुळवलेला आहे आणि लक्ष्य ३०० मीटरवर आहे असं धरा. डोळा अगदी कडेला गेला तर ४ सेंमीपर्यंत चूक होऊ शकते, कोणत्याही दिशेला. गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकला की गोळ्या पसरतात आणि आपण काडतुसाला बोल लावतो.

आयपीसचं (डोळ्याजवळच्या भिंगाचं) कडं आणि बाजूचं चाक यांतही अनेकांची गल्लत होते. आयपीसचं कडं तुमच्या डोळ्याला रेटिकल स्वच्छ दिसावं यासाठी आहे. मोकळ्या आकाशाकडे बघून ते एकदा लावलं की पुन्हा हलवायचं नाही. बाजूचं चाक पॅरॅलॅक्ससाठी, आणि ते अंतर बदललं की दर वेळी फिरवायचं. त्याच्यावरचे अंतराचे आकडे अंदाजे असतात. रायफल टेकूवर स्थिर ठेवून डोकं किंचित हलवा. रेटिकल लक्ष्यावर चिकटून राहिलं की चाक बरोबर आहे.

दुसरं सोंग ढिल्या माउंटचं, म्हणजे स्कोप रायफलवर धरणाऱ्या पकडीचं. दहापैकी सहा गोळ्या एका पुंजक्यात आणि चार दुसऱ्यात, असं दिसलं तर काडतूस बदलण्याआधी रिंगांचे आणि दांड्याचे स्क्रू टॉर्क पान्याने तपासा, निर्मात्याने दिलेल्या आकड्यावर.

कामाचा क्रम माझ्या मते असा हवा: आधी माउंट, लेव्हल आणि पॅरॅलॅक्स, मग वेगवेगळ्या काडतुसांचे ग्रुप, आणि झिरो सर्वांत शेवटी. काडतूस ठरण्याआधी झिरोवर गोळ्या घालवू नयेत, ते काम पुन्हा करावंच लागतं. काडतूस बदललं की लगेच निकाल लावू नका. .२२ मध्ये नळीला नव्या काडतुसाच्या मेणाची सवय व्हायला काही गोळ्या जातात, त्या मोजू नका. आणि जमलेल्या लॉटची काडतुसं शक्य तितकी घेऊन ठेवा, डब्यावरचा लॉट क्रमांक झिरोच्या नोंदीशेजारी लिहा. नवा लॉट उघडाल त्या दिवशी, नाव आणि वजन तेच असलं तरी, १०० मीटरवर दहा गोळ्यांचा ग्रुप मारून मध्य पुन्हा तपासा.